भात विकावें कीं तांदूळ?

मावळांतल्या आम्हां भात पिकविणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. आषाढांत चिखलांत कंबर मोडेपर्यंत आवण करावें, आश्विनांत डुकरांपासून राखण करावी, कार्तिकांत झोडणी उरकावी, आणि खळ्यावरचा ढीग पुरता सुकलाही नाहीं तोंच येईल त्या भावानें तो व्यापाऱ्याच्या तागडींत घालावा. घरच्या पोटापुरतें कणगींत राहतें, बाकीचें जातें. पुढें ज्येष्ठांत, पेरणीच्या ऐन तोंडावर, तसल्याच भाताचा तांदूळ पुण्याच्या बाजारांत कोणत्या भावानें विकला जातो तें ऐकून आपण कपाळावर हात मारितों. ऊस, कांदा, द्राक्षें यांस लोक नगदी पिकें म्हणतात. भातास पोटाचें पीक म्हणून बाजूस सारतात. आमच्या मतें ही समजूत पिकाच्या स्वभावामुळें झालेली नसून आपल्या विकण्याच्या रीतीमुळें झालेली आहे. ज्याच्यापाशीं दोन-अडीच एकर खाचर आहे, त्यानें भात न विकतां तांदूळ विकावा, आणि तोही नांवानें विकावा, असें आम्हांस वाटतें. मात्र असें नुसतें म्हणून भागणार नाहीं. त्याचा हिशेब वाचकांपुढें मांडला पाहिजे. तांदूळ विकणें कोणास परवडत नाहीं, तेंही सांगितलें पाहिजे.

प्रथम जमिनीची गोष्ट. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें भारतांत दर खातेदारामागें सरासरी १.०८ हेक्टर जमीन पडते, आणि महाराष्ट्रांत १.३४ हेक्टर. हा झाला सगळ्या राज्याचा सरासरीचा आंकडा. मावळ, मुळशी, भोर या डोंगरी भागांत भावाभावांच्या वांटण्या होऊन खाचरें इतकीं बारीक झालीं आहेत कीं, कित्येक ठिकाणीं औत वळविण्यास जागा उरत नाहीं. अशा तुकड्यांतून एकरीं दोन क्विंटल भात अधिक काढलें, तरी मोंढ्यावर त्याचे जे रुपये होतात, त्यांतून मुलाची फी आणि बैलाची किंमत दोन्ही निघत नाहींत. अधिक पिकवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. तें कसें पिकवावें याविषयीं पुढें लिहिलेंच आहे. परंतु खळ्यापासून गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरापर्यंत जी वाट आहे, त्या वाटेवरचा नफा आपण सगळाच्या सगळा दुसऱ्यांस देऊन टाकितों, ही गोष्ट आधीं ध्यानांत घेतली पाहिजे.

आतां हिशेब. २०२५-२६ च्या खरिपासाठीं केंद्र सरकारनें साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलास २,३६९ रुपये ठरविली. समजा, एका शेतकऱ्याजवळ पोटापुरतें ठेवून १० क्विंटल भात विकावयाचें आहे. सरकारी खरेदीकेंद्रावर पुरा भाव मिळाला तर त्याचे २३,६९० रुपये होतील. तेंच भात गिरणींत घातलें तर शंभर किलोंमागें सुमारें २० किलो तूस आणि ८ ते १० किलो कोंडा जातो; राहतो तो तांदूळ. सरकार ज्या गिरण्यांकडून भात भरडून घेतें, त्यांच्याकडून क्विंटलास ६७ किलो साधा तांदूळ मागतें. आपल्या तालुक्यांतल्या गिरणींत ६५ किलो पडला तरी चांगलें, असें धरूं. म्हणजे १० क्विंटलांचा ६५० किलो तांदूळ झाला. २३,६९० रुपयांस ६५० नें भागलें असतां किलोस सुमारें ३६ रुपये ४५ पैसे येतात. त्यांत भरडाई, पोतीं, टेंपोचें भाडें, आणि विकण्यांत जाणारा आपला वेळ, यांबद्दल किलोमागें पांच रुपये घातले, तर साडेएकेचाळीस रुपयांच्या आंत बाहेर होतें. ज्याचा तांदूळ या भावाच्या खालीं विकला जाणार, त्यानें तांदूळ करण्याच्या भानगडींत पडूं नये. भातच केंद्रावर घालावें आणि पावती घेऊन घरीं यावें.

हें आम्ही मुद्दाम स्पष्ट लिहिलें आहे. जाड्या, बिनवासाच्या, भरघोस उताऱ्याच्या वाणांचें भात ज्यानें पिकविलें, त्याचें हित आधारभूत किंमतींत आहे. तांदूळ विकण्याचा विचार त्यानेंच करावा, ज्याच्या दाण्यास स्वतःची कांहीं ओळख आहे: मावळाची इंद्रायणी, मुळशीचा आंबेमोहोर, वाड्याचा कोलम, आजऱ्याचा घनसाळ. या तांदुळांस गिऱ्हाईक नांव घेऊन मागतें. नांव घेऊन मागणारें गिऱ्हाईक हें शेतकऱ्याचें खरें भांडवल होय, आणि आपण तेंच आजवर व्यापाऱ्याच्या हवालीं केलें आहे.

पण तांदूळ विकावयास निघालेल्या माणसाच्या वाटेवर पहिलाच जो खड्डा येतो, त्यांत आम्हीही पडलेले आहोंत. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं आमचें इंद्रायणीचें भात व्यापाऱ्यास न देतां राखून ठेविलें, आणि मोठ्या आशेनें जवळच्या एका गिरणींत नेलें. गिरणींतून जें बाहेर आलें तें पाहून आमच्या घरच्या मंडळींनीं, “हा तांदूळ कीं रवा?” असें विचारलें. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कणीच होती. आम्हीं अर्थात् सगळा दोष गिरणीवाल्यास दिला. पुढें एका जाणत्या माणसानें आमच्या भाताचे चार दाणे सोलून ते उजेडासमोर धरले, तेव्हां प्रत्येक दाण्यांत आडव्या बारीक भेगा दिसल्या. गिरणीच्या तोंडांत पडण्यापूर्वींच आमचा तांदूळ मोडलेला होता. गिरणीनें तो फक्त वेगळा करून दाखविला.

ह्या भेगा कशा पडतात तें प्रत्येक भातवाल्यास ठाऊक असलें पाहिजे. पक्व दाणा वाळत असतां बाहेरून आधीं आकसतो आणि आंतून मागाहून. वाळलेला दाणा पुन्हां ओलावा घेतो तेव्हां उलट घडतें: बाहेरचा थर फुगतो, आंतला गाभा तसाच राहतो, आणि या ओढाताणींत दाणा तडकतो. आम्हीं काय केलें होतें? कापणीस पंधरवडा उशीर केला होता, कारण मजूर मिळत नव्हते. उभ्या पिकानें रोज रात्रीं दंव प्यावें आणि रोज दुपारीं ऊन खावें, असें चाललें होतें. नंतर झोडलेलें भात आम्हीं खळ्यावर उघडें टाकिलें, तेंही दिवसा रणरणत्या उन्हांत आणि रात्रीं दंवांत. एवढी शिक्षा भोगून अखंड राहील असा दाणा मिळणें कठीण.

तेव्हांपासून आम्ही असें करितों. लोंबींतले शंभरांपैकीं ऐंशीं ते नव्वद दाणे पिवळे झाले कीं कापणी करितों. बुडाजवळचे थोडे हिरवे दाणे दिसले म्हणून थांबत नाहीं. त्यापूर्वीं आठ-दहा दिवस खाचराचें पाणी तोडून टाकितों. कापलेलें पीक रानांत चार-चार दिवस पसरून ठेवीत नाहीं. झोडलेलें भात ताडपत्रीवर पातळ पसरून, घडीघडीस पाय फिरवून, दोन-तीन दिवसांत सावकाश वाळवितों, आणि सूर्य कलतांच तें गोळा करून झांकून ठेवितों. ठेवणीच्या भातांत शेंकडा १४ पेक्षां अधिक ओल नसावी. ओल मोजण्याचें यंत्र गांवांत एकाजवळ असलें तरी सगळ्यांचें भागतें. तेंही नसेल तर दाणा दातांखालीं धरावा. कट् करून तुटला तर ठीक, चेपला तर अजून एक दिवस ऊन द्यावें. आमच्या आजीची परीक्षा हीच होती.

गिरणीचीही निवड करावी लागते. आपल्या भागांत अजून पुष्कळ ठिकाणीं जुन्या लोखंडी हलरवर भात भरडतात. त्यांत तूस काढणें आणि दाणा घांसणें हीं दोन्ही कामें एकाच वेळीं, घर्षणानें होतात, आणि दाणा फार मोडतो. रबरी रुळांच्या गिरणींत तूस अलगद सोलला जातो, मग दाणा वेगळ्या यंत्रांत घांसला जातो. त्यांत कणी कमी पडते. या फरकाचे रुपये करून पाहूं. वर धरलेल्या १० क्विंटलांतून चांगल्या गिरणींत ६५० किलो माल पडला आणि त्यांत ८० किलो कणी निघाली. अखंड तांदूळ ६० रुपयांनीं आणि कणी २५ रुपयांनीं विकली, असें धरिलें, तर ३६,२०० रुपये येतात. पांच रुपयांप्रमाणें खर्च वजा जातां ३२,९५० राहतात. आमच्याप्रमाणें भात तडकवून हलरवर नेलें, आणि ६२० किलो मालांत २२० किलो कणी निघाली, तर त्याच भावांनीं २९,५०० रुपये येतात व खर्च जाऊन २६,४०० राहतात. भात तेंच, शेत तेंच, मेहनतही तीच. आणि एका बेपर्वाईपायीं दहा क्विंटलांमागें साडेसहा हजार रुपये कणीबरोबर उडाले. भाव आम्हीं उदाहरणादाखल धरिले आहेत. वाचकांनीं आपापल्या बाजाराचे घालून पाहावे.

जातां जातां कोंड्याविषयीं. “भरडाई नको, कोंडा आमचा,” असा सौदा पुष्कळ गिरणीवाले करितात, आणि शेतकरी तो फुकटचा समजून मान डोलावतो. दहा क्विंटल भाताचा कोंडा ८० ते १०० किलो होतो. दुभत्या म्हशीच्या मालकानें त्याची किंमत काय धरावी तें आम्ही सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां पिकविण्याकडे वळूं. तांदूळ कितीही भावानें विकला तरी एकराचा खर्च जड असेल तर हातीं कांहीं राहत नाहीं. कोंकण-मावळासाठीं या बाबतींत आम्हांस सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत म्हणजे चारसूत्री भातशेती होय. मृदाशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनीं ती घालून दिली. तिच्यांत नवलाचें असें यंत्र नाहीं कीं महाग औषध नाहीं. आपल्याच शिवारांतल्या वस्तू हिशेबानें वापरावयाच्या आहेत. भाताच्या तुसाची काळी राख रोपांच्या वाफ्यांत दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो मिसळावी, आणि पेंढ्याचा कांहीं भाग नांगरटीच्या वेळीं खाचरांत गाडावा, हें पहिलें सूत्र. राखेंतलें सिलिका रोपास ताठ करितें. आपल्याकडे राब भाजण्यासाठीं ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून डोंगर बोडके करण्याची जी चाल आहे, तिला या राखेनें पुष्कळ आळा बसेल. दुसरें सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचें. बांधावर लाविलेल्या गिरिपुष्पाचा कोंवळा पाला गुंठ्यास ३० किलो या मानानें चिखलणीपूर्वीं टाकावा. काड्या नंतर वेंचून जळणास न्याव्या.

तिसरें सूत्र लावणीचें आहे, आणि येथें मजुरांची कुरकुर ऐकावयाची तयारी ठेवावी. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरांच्या खुणा आळीपाळीनें करून त्या धोरणानें चुडें लावावयाचीं, दर चुडांत दोन ते तीन रोपें. आमच्याकडील आवणकरणींस मूठभर रोपें चिखलांत खुपसण्याची संवय. पहिल्या वर्षीं त्यांनीं आम्हांस वेड्यांत काढलें, आणि दुप्पट वेळ लागला हेंही खरें आहे. दुसऱ्या वर्षीं वेळ जवळजवळ जुन्याइतकाच लागला, आणि रोपें निम्म्याहून कमी लागल्यानें बियाण्याचा खर्च वांचला.

चौथें सूत्र खताच्या गोळ्यांचें. त्यांस ब्रिकेट म्हणतात. युरिया आणि डीएपी ६०:४० या प्रमाणांत दाबून केलेली ही गोळी २.७ ग्रॅमांची असते. १५ सेंटिमीटरांच्या चौकोनांतल्या चार चुडांच्या मध्यभागीं, ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशीं एक एक गोळी खोंचावयाची. हेक्टरीं ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारें १६९ किलो लागतात; एकरीं हिशेब २५,००० गोळ्यांचा आणि ६८ किलोंचा. खोल चिखलांत हवा नसल्यानें त्यांतला नत्र अमोनियाच्या रूपांत मातीस धरून राहतो आणि मुळांस हळूहळू मिळतो. फेंकलेल्या युरियाचें तसें नाहीं. आपलीं खाचरें पायऱ्यापायऱ्यांचीं. वरच्याचें पाणी खालच्यांत जातें. कित्येक वर्षें आम्ही युरिया फेंकीत होतों आणि भात खालच्या खाचरवाल्याचें काळेंभोर दिसत होतें. त्यानें कधीं आभार मानिले नाहींत, आणि आम्हांसही कधीं कळलें नाहीं. ज्या जमिनींत पाणी मुळींच ठरत नाहीं, तेथें मात्र या गोळ्यांवर फारसा भरंवसा ठेवूं नये.

सुगंधी जुन्या वाणांस खत बेतानेंच द्यावें. आंबेमोहोर उंच वाढतो. नत्र जास्त झाला कीं लोंबी धरतांच आडवा होतो, आणि आडव्या भाताचा दाणा चिखलांत डागाळतो. त्याचा उतारा कमी आहे हें सर्वांस ठाऊक आहे, आणि त्याचमुळें तो आमच्या खाचरांतून जवळजवळ नाहींसा झाला. त्याच्या जागीं आलेली इंद्रायणी वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरांतून काढली व १९८७ सालीं प्रसारित केली. आंबेमोहोराचा वास थोडासा, आणि उतारा पुष्कळसा, अशी ही तडजोड लोकांस मानवली. आम्हांस तिच्याविषयीं आदर आहे. मावळांतल्या पुष्कळ घरांचीं कर्जें तिनें फेडिलीं आहेत. पण आज पुण्यामुंबईच्या दुकानांत इंद्रायणी या नांवानें जें विकतें तें सगळें इंद्रायणी नव्हे, आणि आंबेमोहोर या नांवानें जें विकतें त्यांतलें पुष्कळसें परप्रांतांतला बारीक वासाचा तांदूळ असतो. गिऱ्हाईक फसतें, मग नांवावरचा विश्वास उडतो, आणि शेवटीं खऱ्या आंबेमोहोराच्या मालकासही खोट्याचाच भाव मिळतो.

यावर उपाय म्हणून भौगोलिक चिन्हांकनाचा कायदा आहे. तो १९९९ सालीं झाला व २००३ पासून अमलांत आला. आजऱ्याच्या घनसाळास आणि आंबेमोहोरास २०१६ सालीं, व वाडा कोलमास २०२१ सालीं हें चिन्हांकन मिळालें. परंतु तालुक्यास चिन्हांकन मिळालें म्हणजे आपल्या पोत्यास मिळालें असें नव्हे. ज्या संस्थेच्या नांवें तें आहे तिच्यामार्फत अर्ज करून प्रत्येक शेतकऱ्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते. वर्तमानपत्रांत बातमी वाचून आनंद मानणारे पुष्कळ. अर्ज भरणारे थोडे.

आणि चिन्हांकनाहूनही आधीं शुद्ध बियाणें पाहिजे. नांवानें विकावयाच्या तांदुळांत दुसऱ्या वाणाचे दाणे दिसले कीं गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षीं येत नाहीं. भाताचें फूल बहुतेक स्वपरागानेंच फळतें, म्हणून सुधारलेल्या व देशी वाणांचें बियाणें एकदां शुद्ध आणिलें म्हणजे तीन-चार वर्षें घरचें वापरतां येतें. कर्जत केंद्रानें १९९८ पासून काढलेल्या सह्याद्रीसारख्या संकरित वाणांची गोष्ट निराळी. त्यांचें बियाणें दरवर्षीं नवें घ्यावें लागतें. आमची रीत अशी आहे: सर्वांत चांगल्या खाचराचा मधला भाग बियाण्यासाठीं राखितों. निसवण्याच्या वेळीं आणि पुन्हां पक्वतेच्या वेळीं त्यांत फिरून उंच, बुटकीं, आधीं निसवलेलीं, निराळ्या रंगाचीं अशीं सगळीं परकीं झाडें उपटून टाकितों. पेरणीपूर्वीं दहा लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बियाणें ओततों. तरंगलेलें काढून टाकावयाचें, बुडालेलें दोनदां स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत सुकवावयाचें. या एवढ्याशा कामानें पोचट दाणे व त्यांबरोबर येणारे कित्येक रोग शेतांत जात नाहींत. झोडणीचें यंत्र एका वाणानंतर दुसऱ्या वाणास लावण्यापूर्वीं झाडून घ्यावें. आमच्या आंबेमोहोरांत एके वर्षीं शेजाऱ्याचें जाडें भात मिसळलें तें यंत्रांतूनच.

येथें वाचक विचारतील, “हें सर्व खरें, पण दिवाळींत पैशाची नड असते, तिचें काय?” हा प्रश्नच सर्वांत मोठा आहे. भात खळ्यावरच विकलें जातें तें शेतकरी अडाणी आहे म्हणून नव्हे. श्रावणांत ज्याच्याकडून उसनवार घेतली तोच कार्तिकांत तागडी घेऊन दाराशीं उभा असतो म्हणून. त्याला नाहीं म्हणण्यास हातांत रोकड लागते. या कामीं राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना उपयोगी आहे. ती १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते, आणि तिच्यांत भातही बसतें. बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवावा, किंमतीच्या शेंकडा ७५ पर्यंत सहा महिन्यांसाठीं सालीना शेंकडा ६ व्याजानें कर्ज उचलावें. आपल्या १० क्विंटलांची किंमत २३,६९० रुपये धरिली तर सुमारें १७,७६७ रुपये हातीं येतील, आणि सहा महिन्यांचें व्याज ५३३ रुपये होईल. क्विंटलामागें त्रेपन्न रुपयांत सहा महिन्यांचा श्वास विकत मिळतो, असा याचा अर्थ. मात्र प्रत्येक समितीजवळ गोदाम नाहीं, आणि असलें तरी भात घेण्यास ती कुरकुरते, असाही अनुभव येतो. एकट्यादुकट्यानें गेल्यास दाद लागत नाहीं. दहा जणांनीं मिळून अर्ज केला कीं गोदामाची किल्ली सांपडते.

घरींच ठेवावयाचें असेल तर भात म्हणून ठेवावें, तांदूळ करून ठेवूं नये. तुसाच्या आंत दाणा सुरक्षित राहतो. सोललेल्या तांदुळास सोंडा आणि किडे लवकर लागतात, आणि सुगंधी वाणांचा वास तर भरडल्यावर भराभर उडतो. कणगी शेणामातीनें लिंपून, फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. नव्या भातांत जुनें शिल्लक भात मिसळूं नये, कारण कीड तेथूनच येते. सहा महिने मुरलेल्या भाताचा तांदूळ फुगतो, मोकळा शिजतो. इंद्रायणी नवी असतां फारच चिकट होते, म्हणून जाणतें गिऱ्हाईक जुन्या मालास थोडे अधिकच देतें. मागणी येईल तसतसें पंधरा दिवसांस पुरेल इतकेंच भात गिरणींत न्यावें.

विकण्याच्या बाबतींत एकटा शेतकरी फार दूर जाऊं शकत नाहीं. त्याच्याजवळ चार क्विंटल तांदूळ असतो, आणि दुकानदार वर्षभर पुरवठा मागतो. म्हणून एका वाणाचे, एका खोऱ्याचे दहा-वीस शेतकरी एकत्र आले पाहिजेत. कंपनी कायद्यांत २००२ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें दहा उत्पादक मिळून उत्पादक कंपनी काढूं शकतात. साधा गट किंवा सहकारी सोसायटीही चालेल. गटानें पहिलें भांडवल कशांत घालावें, याविषयीं आमचा विचार पक्का आहे: रंगीत पिशव्यांत नव्हे, रबरी रुळांच्या लहान गिरणींत आणि ओल मोजण्याच्या यंत्रांत. पिशवी साधी असली तरी चालेल. तिच्यावर वाणाचें नांव, गांवाचें नांव, कापणीचा महिना आणि भरडल्याची तारीख असावी. कापणीचा महिना छापण्याची चाल आपल्याकडे नाहीं, ती पाडावी. ज्यास जुना तांदूळ पाहिजे त्यास तो वाचून घेतां येतो, आणि नव्यास जुना म्हणून विकण्याची वाट बंद होते. पाकिटांत भरून विकण्यास अन्नसुरक्षेचे व वजनमापाचे जे नियम लागू होतात ते तालुका कृषि अधिकाऱ्यांकडून आधींच समजून घ्यावे. मागाहून दंड भरण्यापेक्षां तें स्वस्त.

सगळें भात एकाच वर्षीं या वाटेस लावण्याची घाई मात्र करूं नये. आमच्या अडीच एकरांपैकीं दोन एकर इंद्रायणी, पंधरा गुंठे आंबेमोहोर, आणि पांच गुंठे घरच्या भाकरीसाठीं जाडें भात, अशी यंदाची वांटणी आहे. इंद्रायणीचें निम्में भात केंद्रावर जाईल, त्यांत खताचें व मजुरीचें देणें फिटेल. उरलेलें निम्में आणि आंबेमोहोर कणगींत राहील. माघापासून दर पंधरवड्यास दोन क्विंटल भात भरडावयाचें ठरविलें आहे. दर खेपेस किती अखंड तांदूळ, किती कणी, किती कोंडा पडला, आणि कोणत्या भावानें काय गेलें, हें वहींत लिहिण्याचें काम आमच्या सुनेनें पत्करलें आहे. त्या वहींतले आंकडे पुढील ज्येष्ठाच्या अंकांत, जसे पडतील तसे, वाचकांपुढें ठेवूं. ज्यांनीं यंदा असाच प्रयोग करण्याचें मनांत आणिलें असेल, त्यांनीं निदान एका क्विंटलाचें वजन भरडण्यापूर्वीं आणि भरडल्यावर करून आपले आंकडे आमच्याकडे पाठवावे. वाण, कापणीची तारीख आणि गिरणीचा प्रकार लिहिण्यास विसरूं नये.